आतल्या खोलीतलं वारूळ

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर राहीने केसरच्या हातावर प्रसाद ठेवला. लाह्या, गुळाचा खडा आणि खोबऱ्याचे दोन तुकडे. राही शाळेत पाणी भरायची, घंटा द्यायची आणि अलिबागेतल्या ज्या बातम्या वर्तमानपत्रात येत नसत त्या शिक्षिकांना पुरवायची. "घ्या बाई, नागावचा हाय," ती म्हणाली, "नवीन देव निघालाय. कोना मास्तरणीच्या घरात. आपसूक जमिनीतून वर आला. ती बिचारी तिथं नसतेच म्हनं, नोकरीला असते कुठं तरी. तरी बघा, देव तिच्याच घरात. नशीब असतं एकेकाचं." केसरच्या लाह्या तोंडात टाकून झाल्या होत्या. नागावात घर असलेली आणि नोकरीला बाहेरगावी असलेली मास्तरीण तिच्या माहितीत एकच होती, आणि ती या क्षणी स्वतःच्या घरचा प्रसाद खात उभी होती. "कसला देव?" तिने विचारलं. "नागोबा. वारूळ हाय येवढं. परवा पंचमीला स्थापना करनार. तुम्ही पन चला की. त्या बाईची वळख न्हाय तुमची?" "आहे थोडीशी," केसर म्हणाली.

लाही दाताखाली मऊ लागली. पावसाळ्यात लाह्या मऊच लागतात; पण तिला वाटलं, आपण काही तरी जिवंत चावतो आहोत. गूळ थुंकावा तर राही बघेल. म्हणून तिने तो गिळला. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने याहून मोठे खडे गिळले होते. खोबरं बहुधा तिच्याच माडाचं असणार. घराला कुलूप होतं. ते तिने अलिबागच्या बाजारात दुकानदाराला पाच कुलपं उघडायला-लावायला लावून निवडलं होतं. त्याची एक चावी तिच्या कनवटीला असायची, दुसरी शेजारच्या वेणूबाईकडे, आठवड्याला केर काढायला आणि कौलं गळतात का ते बघायला. माणसांसाठी कुलूप पुरतं, असं तिने धरलं होतं. जमिनीतून वर येणाऱ्यांसाठी काय करायचं, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं.

आणि खरं म्हणजे तिला ते वारूळ नवीन नव्हतं. आषाढातल्या एका रविवारी घर उघडून ती आतल्या खोलीत गेली होती आणि पुस्तकांच्या कपाटाला टेकली होती, तेव्हा अंगठा सरळ आत गेला. कपाट बाहेरून शाबूत होतं, व्हार्निश चमकत होतं; आत पीठ. एखाद्या संस्थेच्या अहवालाला हात लावल्यासारखं वाटलं. वाळवीने भूगोल संपवला होता आणि ती इतिहासाच्या दुसऱ्या भागात शिरली होती. कपाटाच्या पायाशी जमिनीतून वीतभर मातीचं बोंड वर आलं होतं. केसरने खिडकी लावून घेतली, कडी घातली, कुदळीने ते बोंड फोडलं, वर आधणाचं पाणी ओतलं, घासलेट ओतलं, माती घमेल्यात भरून पदराखाली झाकून मागच्या ओहोळात टाकली आणि जमीन सारवली. सगळं झाल्यावर कुदळ धुतली. खिडकी का लावली, कुदळ का धुतली? तर नागावात वारूळ कुणी फोडत नाही. बांधावर आलं तर नांगर वळसा घालून जातो, घरात आलं तर घरच्यांनी सरकून घ्यायचं, ती खोली सोडायची आणि हळदकुंकू वाहायचं, अशी रीत. केसर कॉलेजात शास्त्र शिकलेली. मुंगी वेगळी, वाळवी वेगळी, हे मुलींना फळ्यावर काढून दाखवणारी. तीच केसर स्वतःच्या घरात कडी लावून, चोरासारखी, वाळवी मारत होती. दुसऱ्या दिवशी ती अलिबागेला निघून गेली आणि त्या आठवड्यात वेणूबाई केर काढायला आली. तिने आदल्या खेपेला ते वीतभर बोंड पाहिलेलं होतं. आता तिथे सारवलेली जमीन होती. मग लागोपाठचे रविवार पावसाने केसरचं येणं चुकलं, आणि वेणूबाईच्या पुढच्या खेपेला ढोपराएवढं वारूळ होतं. आधी दिसला, मग लपला, मग दुप्पट होऊन परत आला. यात चमत्कार न दिसायला माणूस फारच शिकलेला लागतो.

त्याच दुपारी नागावच्या टांग्यात ती पाठीमागच्या बाजूला बसली. मागे सरणारा रस्ता बघत राहिलं की आपण कुठे चाललो आहोत याचा विचार करावा लागत नाही. आक्षीच्या खाडीवरून खारा वारा येत होता, पाऊस उघडला होता, आणि तिच्या मनात घर नव्हतं, नुसत्या झोपायच्या जागा होत्या. झोपायला जागा तिला आयुष्यात नेहमीच मिळाली. लोक काही वाईट नव्हते. रेवदंड्याला सासरी उखळाशेजारी. नवरा तापाने गेल्यावर तिथून उठवून गोठ्याच्या भिंतीला, कारण उखळाकडची जागा धाकट्या जावेला हवी झाली. बापाने माहेरी आणलं तेव्हा भाताच्या कणगीमागे, जिथे उंदीर रात्री तिच्या पायांवरून जात आणि भाताच्या फोलपटाचा वास केसांत दिवसभर राही. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात नंबर घातलेली खाट. बाप गेल्यावर भावाच्या, बाळाजीच्या घरी. पाहुणे आले की माजघरातून पडवीत, आणखी पाहुणे आले की पडवीतून ओटीवर. प्रत्येक जागेबरोबर एक वाक्य मिळायचं: तुला काय, एकटीला. एकट्या माणसाला जागा कमी लागते, असा भूमितीचा काही तरी सिद्धांत लोकांना ठाऊक असतो. केसर भूमिती शिकवायची. त्या पुस्तकात तो नव्हता. म्हणून तिने बापाने तिच्या नावे करून दिलेल्या वाडीच्या टोकाला घर बांधलं. पुढे पडवी, मध्ये रांधायची खोली आणि आतली खोली गरजेपेक्षा मोठी. पाया घालताना गवंड्याने विचारलं, "बाय, येवढ्या खोलीत ठेवनार काय?" ती म्हणाली, "मला." गवंडी हसला. त्याला तो विनोद वाटला होता. तिलाही थोडा वाटला होता.

घराचं दार उघडं होतं. पायऱ्यांवर चिखल, पडवीत तिची खाट उभी करून भिंतीला लावलेली, इतिहासाचे उरलेले भाग एका हाऱ्यात. आतून उदबत्तीचा वास येत होता, ओल्या लुगड्यांचा येत होता, आणि या दोन्हींच्या खालून तिसरा, ओल्या मातीचा आणि अळंबीचा, जो तिने आषाढात खिडकी लावून घेतल्यावर घेतला होता. सात-आठ बाया बसल्या होत्या. मध्ये वारूळ. त्याच्यावर हळद, कुंकू, लाल खणाचा तुकडा आणि वरच्या भोकात ओतलेल्या दुधाचे ओघळ. "आली गो आली," वेणूबाई उठून उभी राहिली, "केसरबाय, भाग्याची गो तू! जलमभर नवस करतात लोकं, त्यांच्या दारात येत न्हाय, नि तुज्या घरात न बोलवता." केसर पुढे झाली. "बाय, वहाणा," बाळाजी कोपऱ्यातून म्हणाला. तिने वहाणा काढल्या. मग आणखी एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा बसलेल्यांपैकी कुणी तरी, आवाज अगदी मायेचा, म्हणाली, "तू जरा बाजूला ऱ्हा गो. आज सवाशिनींचं हाय." आणि केसर बाजूला झाली.

हे तिला नंतर सारखं आठवत राहिलं. अपमान नव्हे, अपमानाची तिला सवय होती, तो पावसासारखा अंगावरून जायचा. आठवत राहिलं ते आपले पाय. कुणी तरी बाजूला म्हणालं आणि पाय विचारल्याशिवाय सरकले, स्वतःच्या खोलीत, स्वतः सारवलेल्या जमिनीवरून भिंतीपर्यंत. आणि पाठ भिंतीला लागल्यावरच तिच्या लक्षात आलं की आपण सरकलो. तिच्या आत काही तरी पोखरलेलं होतं आणि वरून व्हार्निश चमकत होतं. मुख्याध्यापिका, इन्स्पेक्टरशी इंग्रजीत बोलणारी. तिने घसा साफ केला. वर्गात करायची तसा. "हा देव लपला नव्हता," ती म्हणाली, "आषाढात मी फोडला. कुदळीने. वर आधण ओतलं, घासलेट ओतलं. ही वाळवी आहे. वरचं फोडलं तरी खालून परत बांधते, तिचा तो धंदाच आहे." बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग वेणूबाईने हळूच विचारलं, "घासलेट वतलंस? नि तरी परत आला?" "हो." वेणूबाईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "येवढा जागृत!" ती म्हणाली. बाकीच्यांनीही हात जोडले. एकीने केसरकडे कौतुकाने बघत म्हटलं, "तुज्या हातून त्यानंच करून घेतलं असंल गो, परीक्षा म्हनून." शास्त्र समजावून सांगितल्याने देवाची उंची वाढते, हा अनुभव केसरला नवीन होता. तिने वर्गात विचारायचं तसं "समजलं का?" असं विचारलं नाही. त्यांना समजलं होतं.

बाया गेल्यावर बाळाजी पडवीच्या कठड्यावर बसला. बाळाजीने आजवर सोडावॉटरचा कारखाना, फिरता सिनेमा आणि सोललेल्या नारळांचा मुंबईला पुरवठा असे उद्योग करून पाहिले होते. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त बसल्याजागी चालणारं काही तरी हवं होतं, आणि आता ते दुसऱ्याच्या जागी बसून चालणार होतं. "परवा चौलहून भटजी येतोय," तो म्हणाला, "दुपारच्या आत स्थापना. मग दिवाळीनंतर मागची भिंत पाडू, म्हणजे बाहेरून दर्शन. पालीला बघ बाय, कुठून कुठून माणूस येतो. आपल्याकडं समुद्र पन हाय." "आणि मी?" "तू? तू अलिबागला असतेस की." "रविवारी? सुट्टीत? म्हातारपणी?" बाळाजीने खरोखरच विचार केला. हे त्याचं तिला नेहमी आवडायचं, तो विचार करून चुकीचं बोलायचा. "आमची पडवी हाय ना," तो म्हणाला. "तुला काय, एकटीला." केसरला एवढंच कळलं की सोमवारी दुपारी भटजीचा मंत्र म्हणून झाला की हे घर तिचं उरणार नाही. भाडेकरूला काढता येतं, भावाला कोर्टात खेचता येतं. देवाला घर खाली करायची नोटीस कुणी द्यायची आणि ती कुणी घ्यायची?

रविवारी पाऊस लागला. घरात कुणी नव्हतं, दुसऱ्या दिवशीची तयारी ज्याच्या-त्याच्या घरी चालली होती. केसरने वाडीतल्या जुन्या गोठ्यातून बापाची पहार आणली आणि आतल्या खोलीत आली. आता पाच-दहा घाव, आणि सकाळी बाया येतील तेव्हा नुसता खड्डा. हात खिडकीकडे गेला, आणि खिडकीच्या दांडीवर बोटं असतानाच थांबला. सकाळी बाया येतील. खड्डा बघतील. म्हणतील, देव जमिनीत गेला, रुसला. आणि खड्ड्याला हळदकुंकू वाहतील, आणि श्रावण सरायच्या आत खालून वाळवी पुन्हा वर येईल, म्हणतील, प्रसन्न झाला. लपवून केलं की त्याचा चमत्कार होतो. दिवसाढवळ्या केलं की ते नुसतं काम असतं. हा देव वाळवीने बांधला नव्हता. तो तिने, तिच्या लावलेल्या खिडकीने आणि धुतलेल्या कुदळीने उभा केला होता. वाळवीने फक्त माती पुरवली होती. तिने पहार भिंतीला टेकवली आणि वारुळासमोर बसली. खणाच्या तुकड्याखाली एक नवी, ओली, बोटभर नळी वर येत होती. कामकरी वाळव्या एकेक कण आणून तोंडातल्या चिकट लाळेने लावत होत्या. त्यांना कुणी देव म्हणतं की कीड, याने त्यांच्या कामात काही फरक पडत नव्हता. तिला क्षणभर हेवा वाटला.

बाप माड लावायचा तेव्हा खड्ड्यात मीठ आणि राख टाकायचा, रोपाला वाळवी लागू नये म्हणून. तिचं काम मूठमूठ मीठ बापाच्या हातात द्यायचं. हाताच्या चिरांत मीठ झोंबायचं आणि बाप म्हणायचा, झोंबतंय म्हंजे जोर हाय त्यात. दर पंचमीला तो बांधावरच्या वारुळाला दूध वाहायचा, डोकं टेकायचा. आणि वाडीतल्या माडाच्या बुंध्याशी वारूळ दिसलं की त्याच आठवड्यात पहार घेऊन खणायचा, थेट खाली, राणी मिळेपर्यंत. लहान केसरने विचारलं होतं, "आबा, तो देव नि ही कीड, असं का?" "तो तिकडं हाय, ही हिकडं हाय." "मग ओळखायचं कसं?" बापाने घाम पुसला आणि माडाकडे बघत म्हटलं, "माड कुनाचा हाय ते बघायचं." तेव्हा तिला हे उत्तर लबाडीचं वाटलं होतं. ट्रेनिंग कॉलेजात ते अशास्त्रीय वाटलं. आता, पडवीत उभ्या केलेल्या खाटेकडे बघताना, शास्त्र आणि धर्म या दोन्ही विषयांवर यापेक्षा सरळ काही तिने वाचल्याचं आठवेना.

पंचमीला चिरायचं नसतं, तळायचं नसतं आणि खणायचं तर नसतंच. जमिनीत नाग असतो, त्याला लागेल. म्हणून नागावात त्या सकाळी विळ्या आडव्या होत्या, तवे पालथे होते आणि बायांच्या हातांत काही जड नव्हतं, दूध-लाह्यांच्या वाट्या तेवढ्या होत्या. त्या वाट्या घेऊन त्या अंगणात आल्या तेव्हा केसरच्या घराची दोन्ही दारं सताड उघडी होती, तिन्ही खिडक्या उघड्या होत्या, आणि केसर लुगडं खोचून आतल्या खोलीत पहार घेऊन उभी होती. ती त्यांचीच वाट बघत होती. बाळाजी बायांच्या मागून घाईने आत शिरला. "बाय, काय करतेस?" "वाळवी काढते." "आज?" "आज सुट्टी आहे मला." पहिला घाव खणाच्या तुकड्यावर बसला. हळद उडाली. बाहेर कुणी तरी किंचाळलं, एकीच्या हातातली वाटी पडली आणि लाह्या पडवीभर पसरल्या. "अगं, आत नाग असंल!" बाळाजी ओरडला. "असेल तर तुझं खरं ठरेल. ये पुढे, बघ." बाळाजी पुढे आला नाही. त्याची श्रद्धा उंबऱ्यापर्यंत होती. "विधवा बाई," मागून एक आवाज आला, "देवाला हात लावते!" "माझ्या हातचं कुंकू चालत नाही ना त्याला?" केसर घाव न थांबवता म्हणाली, "पहार चालते. बघ, नीट चालतेय."

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पहिल्या दहा घावांत प्रत्येक वेळी पहार खाली गेली की तिची पोटरी आपोआप आखडायची, भोकातून काही तरी काळं, थंड, पायाला येऊन लागेल म्हणून. कॉलेजात शिकलेलं डोक्यात होतं. पोटरी कॉलेजात गेली नव्हती. वरचं कवच दगडासारखं होतं, मग माती भुसभुशीत लागली आणि आतून ऊब आली. ऊब तिने गृहीत धरली नव्हती. भर पावसाळ्यात, ओल्या जमिनीच्या पोटात, झोपलेल्या माणसाच्या कुशीत येते तशी ऊब. खाली खोल्या होत्या, करड्या, स्पंजासारख्या, मधाच्या पोळ्याच्या घाटाच्या, आणि त्यांतून पांढऱ्या जिवांची गर्दी, उजेडाने आंधळी झालेली, सैरावैरा. इथे एक घर होतं. तिच्या घराखाली, तिच्यापेक्षा नीट बांधलेलं. हात क्षणभर जड झाले. मग ढोपराच्याही खाली, हातभर खोलीवर, पहारीला काही तरी टणक लागलं. तिने गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरली आणि चपट्या भाकरीसारखा मातीचा एक गोळा वर काढला. कडेला टेकवून फोडला. आत राणी होती. अंगठ्याएवढी, पिवळट पांढरी, फुगलेली, आत काही तरी सारखं हलत असलेली, डोकं एवढंसं. तिला हलता येत नव्हतं. बाकीच्यांनी तिच्याभोवती खोली बांधली होती, दार तिच्या अंगापेक्षा लहान ठेवलं होतं, आणि ती आत पडून सगळ्यांची आई होत होती. केसरला एक उपमा सुचली, सुचायचीच. आणि तिने ती तिथल्या तिथे नाकारली. उपमा शाळेत शिकवायच्या असतात. घरात वाळवी मारायची असते.

तिने राणी तळहातावर घेतली आणि पडवीत आली. बाया मागे सरल्या, मग मान पुढे काढून बघू लागल्या. "हा तुमचा नागोबा," ती म्हणाली. "हे?" कुणी तरी विचारलं. त्या आवाजात राग नव्हता. तो बाजारात भाव ऐकल्यावर येतो तसा आवाज होता. केसरने हात झटकला. राणी अंगणात पडली आणि वेणूबाईची कोंबडी, जी सांडलेल्या लाह्यांसाठी मघापासून तिथेच घोटाळत होती, दोन पावलांत आली आणि तिने ती गिळली. सगळं अंगण कोंबडीकडे बघत राहिलं. कोंबडी मरायची वाट बघत राहिलं. बाळाजीसुद्धा. कोंबडीने चोच दगडाला पुसली, मान हलवली, आणि आणखी काही आहे का बघायला पायऱ्या चढून घरात गेली.

"बाय," बाळाजी शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "गावात तुज्या घरचं पानी कुनी पिनार न्हाय आता." "आजवर कोण पीत होतं?" "मी पीत होतो." हे खरं होतं. केसर त्याच्याकडे बघत राहिली. कणगीमागे झोपायची तेव्हा हाच भाऊ, एवढासा, उंदीर हाकलायला काठी घेऊन तिच्या उशाशी बसायचा आणि तिथेच झोपून जायचा. "तू पी," ती म्हणाली, "पाणी तुला कधीही मिळेल. खोली मिळणार नाही." तो भटजीला वाटेतच थांबवायला म्हणून गेला. बायाही निघाल्या, पण घरी गेल्या नाहीत. कुंपणापलीकडे रस्त्यावर जमल्या, पाऊस नसताना डोक्यावर पदर घेऊन, पुढे काय होतं ते बघायला. काही तरी व्हायला हवं होतं. केसर आत आली. तिने खड्ड्यात आधणाचं पाणी ओतलं, मीठ टाकलं, कळीचा चुना टाकला. चुना फसफसून उकळला आणि खोलीभर पांढरी वाफ झाली. भिंतीच्या कडेने, चौकटींच्या पायांना, तिने होडीवाल्यांकडून आणलेलं डांबर फासलं. कपाट उचलून अंगणात ठेवलं, पेटवायला. वाळवी संपली नव्हती. अशी एका राणीत संपत नाही. दुसरीकडून येईल, पुढच्या पावसात, दुसऱ्या भिंतीतून. येऊ दे. पहार आहे, दिवस आहे, खिडक्या उघड्या आहेत. हात डांबराने काळे झाले होते आणि खांद्यात कळ होती, आणि कळ तिला आवडली.

मागच्या दाराशी वेणूबाई उभी होती. कोंबडी काखेत धरलेली, तिचं अंग मधूनमधून चाचपून बघत. "जगली," ती म्हणाली. "जगणारच. चांगलं खाल्लं तिने." वेणूबाईने खड्ड्याकडे पाहिलं, चुन्याकडे पाहिलं, आणि रस्त्यावरच्या बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आमच्यात पन हाय गो. रांधायच्या खोलीत. चुलीच्या जागी. तिसरं वरीस." "तिसरं वर्ष? मग रांधतेस कुठे?" "मागं, मांगराच्या छपराखाली. पावसाचं पानी येतं चुलीत. सूनबाय रडते. पन देवाला उठ कसं सांगायचं?" "मला कधी बोलली नाहीस." "देवाचं कुनाला बोलतात?" कोंबडीने मान वळवून दोघींकडे पाहिलं. "तू येशील?" वेणूबाई म्हणाली. "रातच्याला ये. आमचे लोक होडीवर गेले म्हंजे. मी खिडकी लावून घेते."

"रातच्याला न्हाय," केसर म्हणाली. गावची बोली तिच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी अशी सरळ आली. "खिडकी लावायची न्हाय. आता चल."

"आता? आज पंचमी गो!"

"आजच. आणि सुनेला बोलव. कुणी विचारलं तर मोठ्याने सांगायचं, वाळवी काढतोय."

वेणूबाईने रस्त्याकडे पाहिलं. तिथे आता पंधरा-वीस माणसं होती. तिचे ओठ हलले, काही तरी पुटपुटली, बहुधा क्षमा मागितली. कुणाची, ते केसरने विचारलं नाही. मग तिने कोंबडी खाली सोडली, लुगडं खोचलं आणि पहारीचं एक टोक उचललं. पहार लांब होती आणि जड होती. एकीने पुढे धरली, एकीने मागे, आणि ती तशी आडवी घेऊन दोघी रस्त्यावर आल्या. लोक हलले नाहीत. दोघी थांबल्या नाहीत. शेवटी पहार अगदी जवळ आली तेव्हा लोकांनी वाट दिली.